कस्टम: एका शब्दाची वहिवाट

परदेशातून आल्यावर विमानतळावर बॅगा ओढत निघालो की हिरव्या आणि लाल पाटीपाशी 'कस्टम' हा शब्द भेटतो. कोकणच्या किनाऱ्यावर 'कस्टमवाले आले' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. गाड्यांच्या दुकानात 'कस्टम' म्हणजे खास आपल्या पसंतीने करून घेतलेलं काम. आणि शाळेच्या शब्दकोशात याच शब्दापुढे छापलेलं असतं: चालीरीत, रूढी, रिवाज. कर, हौस आणि रूढी हे तीन अर्थ एका शब्दाच्या पोटी आले कसे, हे मला लहानपणापासून कोडं होतं. स्पेलिंग योगायोगाने जुळलेले हे तीन वेगळे शब्द असावेत, असंच मी धरून चाललो होतो. तसं नाही. तिन्ही एकाच मुळाचे फाटे आहेत.

ते मूळ म्हणजे 'सुएस्केरे' हे लॅटिन क्रियापद. अर्थ साधा: सवय होणे, अंगवळणी पडणे. त्याला जोर देणारा उपसर्ग लागून 'कोन्सुएतूदो' हे नाम झालं, फ्रेंच लोकांच्या तोंडी ते झिजलं, आणि 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर त्यांच्या भाषेबरोबर तिथे पोचलं. सन 1200 च्या आसपास ते इंग्रजी लिखाणात दिसू लागतं. भाषाशास्त्रज्ञ आणखी मागे जातात तेव्हा त्यांना या क्रियापदाच्या तळाशी आपल्याला फार ओळखीचं अक्षर सापडतं: 'स्व'. जे वारंवार केल्याने 'स्वतःचं' होऊन जातं, ती सवय. ऋग्वेदातल्या 'स्वधा' शब्दाला 'स्वतःची रीत, मूळ स्वभाव' असा अर्थ आहे, तोही याच कुळातला मानतात. ग्रीक 'एथॉस' म्हणजे रीत, वळण. हा शब्दही तिथलाच, आणि त्यावरून इंग्रजीत नीतिशास्त्राला 'एथिक्स' म्हणतात. गंमत नाही, विचार करण्याजोगी गोष्ट आहे ही: सवयीचा शब्द आणि नीतीचा शब्द एकाच घरात वाढले.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवतो तो पैशाचा अर्थ. मध्ययुगातल्या युरोपात बंदरावर, पुलावर, बाजाराच्या वेशीवर जो सत्ता गाजवायचा तो येणाऱ्या मालातून काहीतरी काढून घ्यायचा. पहिल्या वेळी ते मागून असेल, दमदाटीने असेल. दहाव्या वेळी ते 'नेहमीचं' झालं. शंभराव्या वेळी ते का द्यायचं, हे विचारायचंही कुणाला सुचेना. द्यायचं, कारण कालही दिलं होतं. तेव्हाच्या लॅटिन कागदपत्रांत 'कोन्सुएतूदो' हा एकच शब्द रिवाजालाही वापरलेला दिसतो आणि अशा वसुलीलाही. 1215 च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे इंग्लंडच्या राजाने दिलेल्या हक्कांच्या सनदेच्या, 41 व्या कलमात व्यापाऱ्यांना जे अभय दिलं आहे, त्यात जाचक पट्ट्या घ्यायच्या नाहीत, 'जुन्या आणि न्याय्य कस्टम्स'प्रमाणेच घ्यायचं, असं म्हटलं आहे. इथे शब्दाचा अर्थ रिवाज करायचा की कर? दोन्ही. त्या काळच्या माणसाला ते वेगळे वाटतच नव्हते.

पुढची पायरी 1275 ची. राजा पहिला एडवर्ड याने निर्यातीच्या लोकरीवर कर बसवला: एका पोत्यामागे 6 शिलिंग 8 पेन्स. हा कर कुठलाही जुना रिवाज नव्हता, तो नव्याने ठरवलेला होता. तरी त्याला नाव पडलं ते 'कस्टम'. मग 1303 मध्ये परदेशी व्यापाऱ्यांवर जादा कर आला, तो 'नवा कस्टम'. त्याच्यापुढे 1275 चा कर 'प्राचीन कस्टम' म्हणवला जाऊ लागला. अवघ्या 28 वर्षांत एखादी गोष्ट प्राचीन होऊ शकते, हे या दप्तरांत शाईने लिहून ठेवलेलं आहे. ही दप्तरं ठेवणाऱ्यांत पुढे एक मोठा कवीही होता. जेफ्री चॉसर 1374 पासून बारा वर्षं लंडन बंदरात लोकरीच्या कराचा नियंत्रक होता, आणि नोंदी स्वतःच्या हाताने लिहायच्या ही त्याच्या नेमणुकीची अट होती.

इंग्रजीतच असं घडलं असं समजू नका. फारसी 'दस्तूर' म्हणजे रीत. त्याची 'दस्तुरी' झाली की ती व्यवहारातली ठरीव कमिशनची रक्कम होते, आणि कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांनी हे दोन्ही शब्द आपल्या बोलण्यात उचलले होते. फ्रेंचांनी मात्र सीमेवरच्या करासाठी 'दुआन' हा शब्द ठेवला. तो अरबी-फारसी 'दिवाण'वरून गेलेला, म्हणजे आपल्या दिवाणी न्यायालयाचा भाऊबंद.

'कस्टमर' हा शब्द याच वाटेवर भेटतो. चौदाव्या शतकात 'कस्टमर' म्हणजे कर गोळा करणारा अधिकारी. पुढे ज्याचा एका दुकानात जाण्याचा परिपाठ आहे, तो त्या दुकानाचा कस्टमर झाला. आपण ज्याला नेहमीचं गिऱ्हाईक म्हणतो तो. ब्रिटिश इंग्रजीत दुकानदाराला मिळणाऱ्या अशा बांधील धंद्यालाच 'कस्टम' म्हणायची पद्धत आजही आहे. मग एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत, ठरलेल्या गिऱ्हाइकाच्या मापाने शिवलेले कपडे ते 'कस्टम-मेड'. इथे शब्द पूर्ण उलटा फिरला. सगळे करतात ते कस्टम, इथून सुरुवात करून तो दुसऱ्या कुणाकडेही नसलेल्या वस्तूपर्यंत आला. प्रत्येक वळण मात्र लहान आणि समजण्यासारखं आहे. शब्दांचे अर्थ असेच सरकतात, शेजारच्या अर्थावर एक पाय टेकून.

कपड्यांचा विषय निघालाच आहे तर 'कॉस्च्यूम'ही याचाच जुळा. हा इटलीतून फ्रेंचमार्गे आला. अठराव्या शतकात तो चित्रकारांचा शब्द होता: चित्रातल्या काळाला आणि स्थळाला शोभणारं राहणं, सामान, पेहराव. त्यातला पेहराव तेवढा उरला. 'हॅबिट'चा प्रवास नेमका याच्या उलट. इंग्रजीत तो आधी पोशाख म्हणून आला, विशेषतः जोग्या-जोगिणींचा, आणि मग त्याचा अर्थ सवय झाला. कॅथलिक जोगिणींच्या झग्याला अजून 'हॅबिट'च म्हणतात. आज इंग्रजी बोलणारा ढोबळमानाने एकट्या माणसाची ती हॅबिट आणि समाजाचा तो कस्टम असं धरतो, पण जुन्या धाटणीच्या लिखाणात एखाद्याचं रोज पहाटे फिरायला जाणंही त्याचा 'कस्टम' असतो.

मराठीने या सगळ्यासाठी पायवाटेचं चित्र निवडलं, आणि मला ते लॅटिनपेक्षा अधिक नेमकं वाटतं. चाल, चाकोरी, पायंडा, वहिवाट. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी पडलेला चर. पायंडा म्हणजे पावलांनी मळलेली वाट. क्रियापदंही बघा: चाल पडते, प्रथा पडते, सवय लागते. कर्ता सहसा दिसत नाही. पायंड्याचा कर्ता मात्र बऱ्याचदा दिसतो. तो पडतोही आणि पाडलाही जातो, म्हणून सभेत कुणीतरी उठून बजावतो, 'हा पायंडा पाडू नका.' पहिल्या पावलाशीच अडवायला हवं, हे त्या वाक्याला ठाऊक आहे. वहिवाट तर सरळ कोर्टकचेरीत जाऊन बसली. शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या जाण्यायेण्याची वहिवाट अडवली, तर आजही तहसीलदारापुढे दाद मागता येते.

वारंवार केल्याने हक्क तयार होतो, हे एकदा मानलं की पुढचा प्रश्न कायद्याला टाळता येत नाही: किती वारंवार, आणि कधीपासून? इंग्रजी कायद्याने यावर तारीखच दिली. 3 सप्टेंबर 1189, पहिल्या रिचर्डच्या राज्याभिषेकाचा दिवस. त्याच्या आधीपासून चालत आलेलं ते 'स्मरणापलीकडचं'. भारतात अशी तारीख नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात रूढीची व्याख्या आहे: दीर्घकाळ, सातत्याने आणि एकसारखी पाळलेली, निश्चित, अवाजवी नसलेली आणि सार्वजनिक धोरणाला धरून असलेली. एरवी त्या कायद्याने मामेबहिणीशी लग्न निषिद्ध नात्यात येतं, पण महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न होतं ते याच रूढीच्या आधाराने. गोव्यात पोर्तुगिजांनी 1526 मध्येच गावकरीचे, म्हणजे गावाच्या सामायिक कारभाराचे, रिवाज लेखी नोंदवून घेतले. त्या सनदेच्या नावात जो 'कुश्तूम' शब्द आहे, तोही 'कोन्सुएतूदो'चाच वंशज.

आणि मग महाड. 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत. महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळं खुलं केल्याचा ठराव 1924 मध्ये केला, पण पाण्याला हात लावू दिला जात नव्हता. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात काही सवर्ण हिंदूंनी दिवाणी दावा लावला. त्यांच्या दाव्याचा एक मोठा आधार एक शब्द होता, आणि तो शब्द होता 'कस्टम'. अस्पृश्यांनी या तळ्यावर यायचं नाही ही अनादी काळापासूनची रूढी आहे आणि रूढी म्हणून तो आमचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं.

दावा दहा वर्षं चालला. त्यात किती साक्षीपुरावे झाले, किती वाद झाले, पण कायद्याच्या दृष्टीने ज्यावर निकाल फिरला तो प्रश्न या शब्दाइतकाच जुना होता: हे कधीपासून? मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की ही रूढी अनादी असल्याचं वादींना सिद्ध करता आलेलं नाही, आणि अपील फेटाळलं. तेरा वर्षांनी अमलात आलेल्या संविधानाच्या 13 व्या अनुच्छेदाने 'कायदा' या शब्दाच्या व्याख्येतच 'रूढी किंवा परिपाठ' घातले. म्हणजे मूलभूत हक्कांच्या आड येणारी रूढी कितीही जुनी असली, तरी तेवढ्यापुरती ती रद्दबातल. त्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष महाडच्या दाव्यातले प्रतिवादी होते.