हर्नियासाठी रोबोट: जादा पैसे नेमके कशाचे?

जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं की पुण्यात हल्ली घरोघरी एकच चर्चा होते: साध्या दुर्बिणीतून करायचं की रोबोटने? दोन्ही एस्टिमेट शेजारी ठेवली की रोबोटचा आकडा चांगलाच फुगलेला दिसतो. म्हातारपणी वडिलांवर पैसे वाचवायचे का, या अपराधी भावनेने मुलं महागाकडे झुकतात. म्हणून हे नीट समजून घेतलं पाहिजे.

मुळात ऑपरेशन एकच. पोटावर तीन छोटी छिद्रं, आत कॅमेरा, आणि कमकुवत झालेल्या जागी आतून जाळी. रोबोट स्वतः काहीही करत नाही. सर्जनच बाजूच्या कन्सोलवर, म्हणजे नियंत्रणाच्या टेबलावर, बसून त्याचे हात चालवतो. फरक अवजारांचा. दुर्बिणीची अवजारं सरळ दांड्याची, रोबोटची टोकाशी मनगटासारखी वळणारी.

खर्च इथेच वाढतो. यंत्राची किंमत कोट्यवधींत, वर दरवर्षीचा देखभाल करार. शिवाय या अवजारांचं आयुष्य मोजलेलं असतं. दा विंची नावाच्या शस्त्रक्रियेच्या रोबोटच्या अवजारात वापराची नोंद ठेवणारी चिप असते. ठरलेला आकडा संपला की अवजार धडधाकट दिसत असलं तरी यंत्र ते स्वीकारत नाही. दुर्बिणीची बरीचशी अवजारं मात्र निर्जंतुक करून पुन्हा पुन्हा वापरता येतात.

मग रुग्णाला जास्त काय मिळतं? अमेरिकेतल्या सहा केंद्रांवर १०२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून तुलना झाली. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. एका बाजूच्या हर्नियाला दुर्बिणीने साधारण ४० मिनिटं लागली, रोबोटने ७५. खर्च अनुक्रमे १,४२१ आणि ३,२५८ डॉलर. महिनाभरानंतर दुखणं, जखमेच्या तक्रारी, पुन्हा भरती होणं, कशातच ठळक फरक नव्हता. पुण्यातले दर वेगळे, पण खर्च वाढवणारी कारणं तीच.

पोटाच्या भिंतीचा मोठा, जुन्या टाक्यांतून आलेला हर्निया असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वरच्या बाजूला, छताला शिवल्यासारखे टाके घालावे लागतात आणि वळणारं टोक सर्जनचं काम खरंच सोपं करतं. पहिल्यांदाच झालेल्या, एका बाजूच्या जांघेतल्या हर्नियासाठी मात्र मी जादा पैसे मोजणार नाही. दुर्बिणीत हात बसलेला सर्जन शोधेन.

मेडिक्लेमवर विसंबण्याआधी पॉलिसी काढून बघा. रोबोटिक शस्त्रक्रियेला अनेक पॉलिसींत वेगळी मर्यादा असते. वरची रक्कम डिस्चार्जच्या दिवशी खिशातून जाते. हॉस्पिटलकडून जाळी, ओटी (ऑपरेशन थिएटर), कन्झ्युमेबल्स (वापरून संपणाऱ्या वस्तू) आणि रोबोट यांचं शुल्क वेगवेगळं लिहून मागा, भरती होण्याआधीच.