कालवं, भांग आणि युरोपा

आमच्याकडे भरतीची वेळ काढायला कुणी मोबाईल बघत नाही, तिथीची पाऊणपट करायची बस्स, म्हणजे चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास पूर्ण भरती. परवा ओहोटीला काकीबरोबर खडपात कालवं काढायला गेलो होतो, मालवणजवळ, तर ती कोयतीने कालव फोडता फोडता मधेच विचारते, "काय रे, वर थंय कोण ऱ्हवता काय?"

आता जीवसृष्टीचं आपल्याकडे सँपल एकच, पृथ्वी, त्यामुळे पृथ्वीबाहेर जीव असण्याची शक्यता अमुक टक्के असं कुणी सांगितलं तर सरळ थाप समजा. पण मला विचाराल तर लांबच्या ताऱ्यांकडे बघण्याआधी ही भरती-ओहोटीच नीट बघावी. चंद्र-सूर्य ओढतात म्हणून आपल्याकडे अमावस्या-पुनवेला उधाण आणि अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीत फरक अगदी कमी. गुरूचा युरोपा नावाचा चंद्र आहे, आपल्या चंद्राहून जरा लहान, तो साडेतीन दिवसांत गुरूभोवती फेरी मारतो आणि कक्षा किंचित लांबट असल्याने गुरूची ओढ सारखी कमी-जास्त होते, त्यात अख्खा चंद्रच कणकेसारखा मळला जातो आणि आतून गरम राहतो. म्हणून वर बर्फाचं जाड कवच असलं तरी खाली खारा समुद्र असणार असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, पाणी म्हणे पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुप्पट!

पण ऊन नाही, मग जगायचं कशावर? 1977 साली गॅलापागोसजवळ अडीच किलोमीटर खोल समुद्रात गरम पाण्याचे झरे सापडले, तिथे मिट्ट काळोखात शिंपले आणि लांबलचक नळीकिडे, बाजारच भरलेला. तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइडवर जगतात (तोच तो सडक्या अंड्याचा वास) आणि बाकीचे त्यांच्या जिवावर. शनीच्या एन्सेलाडस चंद्रावर तर बर्फातून कारंजी उडतात, कॅसिनी यान त्यातून गेलं तेव्हा मीठ, सेंद्रिय रेणू, हायड्रोजन सगळं मिळालं. चूल पेटलेली, शिधा भरलेला, जेवणारा तेवढा दिसला नाही अजून.

युरोपा क्लिपर हे यान ऑक्टोबर 2024 मध्ये निघालंय, 2030 ला गुरूपाशी पोचेल, तेही जीव शोधणार नाहीये, समुद्र राहण्याजोगा आहे का एवढंच बघणार.

"मगे थंय कालवां गावतली काय?" काकीचा पुढचा प्रश्न. कठीण आहे गो काकी, इथेच बघ, साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी जिवाणू होते पण प्राणी यायला पुढे जवळपास तीन अब्ज वर्षं गेली. तिथे सापडलंच तर या खडपावर पाय घसरतो ना, त्या बुळबुळीइतकंच काहीतरी असेल.