पक्का (इंग्रजी विशेषण)

हिंदुस्थानी बोलीतून इंग्रजीत गेलेले हे विशेषण असून इंग्रजीत त्याचे अर्थ 'अस्सल', 'रीतसर', 'प्रतिष्ठित' आणि अलीकडच्या ब्रिटिश बोलीत 'झकास' असे आहेत. इंग्रजीत त्याचे लेखन कधी एका 'के'ने, कधी दोन 'के'नी, तर कधी दोन 'सी'नी होते, आणि पहिल्या अक्षरातील 'अ' दाखविण्यासाठी 'यू' वापरला जातो. जंगल आणि बंगला या शब्दांच्या इंग्रजी लेखनातही 'अ'साठी हेच अक्षर आले आहे. मराठी वाचकाला हा शब्द ओळखीचा वाटतो, पण ती ओळख काहीशी फसवी आहे, कारण इंग्रजीतील 'पक्का' आणि आपला 'पक्का' आज एका अर्थाचे राहिलेले नाहीत.

शब्दाचे मूळ संस्कृत 'पच्' या धातूत, म्हणजे शिजविण्यात आहे. 'पक्व' म्हणजे शिजलेले किंवा पिकलेले. प्राकृतात त्याची 'पक्क' आणि 'पिक्क' अशी दोन रूपे झाली. हत्थ या प्राकृत शब्दाचा मराठीत हात होतो, सत्तचे सात होते, म्हणजे जोडव्यंजन सैल पडून आधीचा स्वर लांबतो. या वळणाने पाहिले तर 'पिक्क'वरून आलेले 'पीक', 'पिकणे', 'पिका आंबा' हे शब्द घरचे ठरतात आणि द्वित्त जपून बसलेला 'पक्का' हा उत्तरेकडून आलेला पाहुणा दिसतो. स्वयंपाक, पक्वान्न, पचन, साखरेचा पाक ही सारी याच धातूची प्रजा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा जो ऐतिहासिक कोश सिद्ध होत आहे, त्याचे प्रकाशित खंड अद्याप 'अ'मध्येच आहेत, त्यामुळे तेथे 'पक्व'ची पाळी येईपर्यंत जिज्ञासूला जुन्या कोशांवरच भागवावे लागेल.

हाच धातू युरोपातही नांदतो. लॅटिनमध्ये शिजविण्याला जे क्रियापद होते, त्याच्यापासून इंग्रजीतील कुक, किचन आणि बिस्किट हे शब्द आले. ग्रीकमध्ये याच मुळाने पचनाचा अर्थ घेतला आणि त्यातून पेप्सिन, डिस्पेप्सिया असे वैद्यकीय शब्द निघाले. बिस्किट याचा शब्दशः अर्थ 'दोनदा भाजलेले' असा आहे. त्या अर्थाने पाहू गेल्यास पुण्याच्या बेकरीतील गोल, लोणी ओसंडणारे बिस्किट हे बिस्किटच नव्हे, कारण ते भट्टीत एकदाच जाते. पाव कापून, त्याचे काप पत्र्यावर मांडून पुन्हा भट्टीत सरकविले जातात तो टोस्ट मात्र व्युत्पत्तीला धरून बिस्किट आहे. सांगायचे ते असे की, हिंदुस्थानात इंग्रजाने 'पक्का' हा शब्द प्रथम ऐकला, तेव्हा 'कुक' या शब्दाच्या रूपाने त्याचा दूरचा भाऊबंद त्याच्या तोंडात आधीच होता.

इंग्रजी लिखाणात हा शब्द सतराव्या शतकात वजनमापांच्या निमित्ताने दिसू लागतो. जॉन फ्रायर या ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्याने, जो १६७५ मध्ये जुन्नरला मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून गेला होता, आग्र्याचा पक्का मण सुरतेच्या मणाच्या दुप्पट असल्याची नोंद केली आहे. कच्चा शेर आणि पक्का शेर हा भेद पुढे मेट्रिक मापे येईपर्यंत आपल्याकडेही चालू होता, आणि परक्या व्यापाऱ्याला तो सर्वांत आधी समजून घ्यावा लागे, कारण तो न समजल्यास थेट पदरचे पैसे जात. नंतर बांधकाम आले. मातीची भिंत कच्ची, भाजक्या विटेची आणि चुन्याची भिंत पक्की. मुरुमाचा रस्ता कच्चा, खडी टाकलेला पक्का.

हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीतील शब्दांचा, यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाने प्रसिद्ध असलेला कोश १८८६ मध्ये निघाला, तोवर हे शब्द छावणीतील आणि कचेरीतील इंग्रजाच्या जिभेवर इतके रुळले होते की कोशकारांनी त्यांच्या जोड्यांची एक यादीच दिली. तीनुसार उन्हात वाळविलेली वीट कच्ची आणि आव्यात भाजलेली पक्की, हंगामी नेमणूक कच्ची आणि कायम नेमणूक पक्की. मानद हुद्द्याचा मेजर कच्चा, खऱ्या हुद्द्याचा पक्का. साधा हिवताप कच्चा आणि जिवावर बेतणारा ताप पक्का. शिंप्याने अंगावर घालून पाहण्यापुरते घातलेले टाके कच्चे. इतकेच काय, लबाडही कच्चा आणि पक्का असतो. ही यादी कोशात 'पक्का'खाली नसून 'कच्चा'खाली आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते हीच तिच्यातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानवासी इंग्रजाला कच्च्याशिवाय पक्का सुचत नव्हता.

'पक्का साहेब' या प्रयोगाने मात्र ही जोडी मोडली. त्याचा अर्थ खरा, खानदानी, रीतीने वागणारा इंग्रज सद्गृहस्थ असा होता. हा सद्गृहस्थ कोण, हे जितके वागणुकीने ठरे तितकेच वंशाने आणि क्लबाच्या सदस्यत्वानेही ठरे, आणि मिश्र वंशाच्या माणसाला त्या वर्तुळात सहसा जागा नसे. कच्चा साहेब असा प्रयोग मात्र रूढ झाला नाही. साम्राज्याचा दिमाख उतरू लागला तसा 'पक्का साहेब' हा शब्द थट्टेचा झाला, आणि या थट्टेत पुण्याचाही वाटा आहे. खडकीच्या १८१७ च्या लढाईनंतर पुण्यात वसलेली लष्करी छावणी ब्रिटिश विनोदात इतकी मुरली की मिशा पिळीत 'मी पूनाला होतो तेव्हा' असे सुरू करणारा निवृत्त कर्नल हे तेथील विनोदाचे ठरीव पात्र बनले. अशा कर्नलाच्या तोंडी 'पक्का' हा शब्द हमखास घातला जाई.

इंग्लंडमध्ये शब्दाचा पुढील प्रवास त्या कर्नलाला रुचला नसता. 'खानदानी'वरून 'अस्सल', 'अस्सल'वरून 'दर्जेदार' आणि तेथून 'झकास' असा तो सामान्यांच्या बोलीत उतरला. १९६० च्या दशकात तेथील एका 'पाय' (सारण भरून भाजलेला खाद्यपदार्थ) बनविणाऱ्या उद्योगाने आपल्या मालाला हेच नाव दिले. १९९९ पासून दूरचित्रवाणीवर गाजलेल्या जेमी ऑलिव्हर या तरुण बल्लवाने तो खाण्याच्या कौतुकासाठी इतक्यांदा वापरला की अनेकांना तो त्याचाच शब्द वाटू लागला. शिजविण्याच्या धातूतून निघालेला शब्द असा पुन्हा स्वयंपाकघरात आला, पण रिकाम्या हाताने. ब्रिटिश बोलीत कच्च्या भाज्यांची कोशिंबीरही 'पक्का' असू शकते. मराठीत हे शक्य नाही. पुण्यातील मिसळ झणझणीत असेल, फर्मास असेल, 'एक नंबर' असेल, परंतु कोणीही तिला पक्की मिसळ म्हणणार नाही. कच्चा हा जोडीदार सुटल्यावर शब्दाला काहीही चालते, असे या उदाहरणावरून दिसते.

भारतीय इंग्रजीने ही जोडी सोडली नाही. सरकारी पाहण्यांत घरांची विभागणी पक्के, अर्धपक्के आणि कच्चे अशी होते आणि हे शब्द इंग्रजी अहवालात जसेच्या तसे छापले जातात. व्यापारी कायद्यात 'पक्की अडत' ही संज्ञा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने भगवानदास विरुद्ध कानजी या १९०५ च्या निकालात तिची फोड केली असून, पक्का अडत्या हा निव्वळ मध्यस्थ नसतो, तर आपल्या गिऱ्हाइकापुरता तो स्वतःच सौद्यातील पक्ष ठरतो, असे तिचे सार आहे.

पुण्यात दिवसभरात ही जोडी किती वेळा कानावर पडते याचा हिशेब ठेवणे कठीण आहे. रविवार पेठेतील दुकानदार पेन कानावर ठेवून, मान वर न करता विचारतो, "पक्कं बिल करायचं का?" आणि या चार शब्दांत जीएसटीचा प्रश्न मिटतो किंवा उभा राहतो. येरवड्याच्या कारागृहाविषयीच्या बातम्यांत खटला चालू असलेला तो कच्चा कैदी आणि शिक्षा झालेला तो पक्का. गणितात कच्चे असलेले मूल खेळात कच्चा लिंबू ठरले तरी त्याची समजूत काढता येते, कारण कच्चे आज ना उद्या पिकते, हा भाव त्या शब्दात आहे. वाहन परवान्याच्या इंग्रजी अर्जावर हे विशेषण कोठेही नाही. तरीही शिकाऊ परवान्याला कच्चे लायसन म्हणतात, ते सहा महिने चालते, आणि तीस दिवस उलटल्यावर चाचणी देऊन मिळते ते पक्के.