हौशी कॅड : छंदासाठी व्यावसायिक कॅड सॉफ्टवेअरचा वापर

कारखान्यात पंप, गिअर, साचे डिझाइन करायला जी कॅड (कॉम्प्युटरवर मापाबरहुकूम ड्रॉइंग आणि मॉडेल करायची) सॉफ्टवेअरं वापरतात तीच घरच्या हौसेच्या कामाला वापरणं म्हणजे हौशी कॅड. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, सॉलिड एज, फ्यूजन, ऑनशेप ही नेहमीची नावं, शिवाय फुकटातलं फ्रीकॅड. टिंकरकॅडसारखी शाळकरी पोरांसाठी केलेली साधनं यात धरत नाहीत. काम कुठलंही असो, मिक्सरचं तुटलेलं बटण, सायकलच्या लाइटचा क्लॅम्प, गणपतीचं मखर, दिवाळीचा किल्ला, विकायचं नसलं की ते हौशी. ही अट दिसते तेवढी साधी नाही, लायसन्सचं घोडं नेमकं तिथंच पेंड खातं.

उगम

कॅडची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. पॅट्रिक हॅनरॅटीनं १९५७ मध्ये केलेल्या प्रॉन्टोला बरेच जण पहिला मान देतात, पण तो मुळात मशीनला सूचना देण्यासाठीचा प्रोग्राम, ड्रॉइंग काढायचा नव्हे. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीत द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये बेझिए यांनी साधारण १९६० च्या आगेमागे गाडीच्या पत्र्याचे वळसे गणितात बसवले, त्यामुळं मोटारींचा इतिहास लिहिणारे तिकडं झुकतात. तिसरा पक्ष आयव्हन सदरलँडच्या स्केचपॅडचा. एमआयटीमधल्या १९६३ च्या प्रबंधासाठी त्यानं केलेला हा प्रोग्राम टीएक्स-२ नावाच्या कॉम्प्युटरवर लाइट पेननं चालायचा, आणि त्यातली मोठी गोष्ट चित्र काढणं नव्हतीच, तर या दोन रेघा समांतर राहिल्या पाहिजेत, ही लांबी त्या लांबीएवढी पाहिजे असं सांगता येत होतं आणि कॉम्प्युटर ते पाळत होता. आज हौशी माणूस स्केचमध्ये जे कन्स्ट्रेंट लावतो त्याचं मूळ सरळ तिथं जातं, म्हणून या विषयापुरतं तरी स्केचपॅडपासून मोजणं जास्त पटतं.

पुढचा टप्पा पॅरामेट्रिक मॉडेलिंगचा. सॅम्युअल गाइसबर्गनं १९८५ मध्ये काढलेल्या पीटीसी कंपनीचं प्रो-इंजिनिअर १९८७ मध्ये आलं, कुठं १९८८ असंही सापडतं. त्यात भाग कसा घडला याची क्रमवार यादी राहते, आणि मागचं एक माप बदललं की पुढचं सगळं आपोआप बदलतं. हेच १९९५ मध्ये सॉलिडवर्क्सनं साध्या विंडोज पीसीवर आणलं.

हौशी वापर कधीपासून, यावरही दोन मतं आहेत. एक मत १९८२ धरतं, त्या वर्षी ऑटोकॅड आलं आणि कॅड छोट्या कॉम्प्युटरवर चालायला लागलं. पण किंमत हजार डॉलरच्या घरात, आणि ड्रॉइंग झालं तरी वस्तू करून घ्यायला टर्नरकडंच जावं लागणार, मग हौशी माणसाच्या हातात काय आलं? दुसरं मत थ्रीडी प्रिंटरशी बांधलेलं आहे. स्कॉट क्रम्पच्या प्लास्टिकची तार वितळवून थर लावायच्या पद्धतीचं पेटंट २००९ मध्ये संपलं, त्याआधी २००५ पासून बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयरचा रेपरॅप हा घरी करता येईल अशा थ्रीडी प्रिंटरचा प्रकल्प चालू होताच, आणि दोन्ही मिळून प्रिंटर घरात आला. हे दुसरं मत जास्त वजनाचं वाटतं, कारण वस्तू निघायची सोय झाल्यावरच लोक मॉडेलच्या मागं लागले.

लायसन्स

फ्यूजनचं घरगुती वापराचं लायसन्स फुकट आहे, पण त्यातून वर्षाला हजार डॉलरच्या वर कमाई चालत नाही, आणि ऑक्टोबर २०२० पासून एका वेळी दहाच फाइली बदलता येतील अशा चालू ठेवता येतात. त्याच वेळी स्टेप फाइल (दुसऱ्या कॅडमध्येही उघडणारी, मापांसकट मॉडेल ठेवणारी) बाहेर काढायची सोयही बंद करायचं जाहीर झालं होतं, लोकांनी आरडाओरडा केल्यावर ती परत दिली. ऑनशेपच्या फुकट खात्यातली सगळी डॉक्युमेंटं जगाला उघडी दिसतात. सॉलिडवर्क्सची मेकर आवृत्ती २०२१ मध्ये आली, सुरुवातीला वर्षाला ९९ डॉलर, पण तिच्या फाइलींवर कायमची खूण राहते आणि त्या कारखान्यातल्या आवृत्तीत उघडत नाहीत. कॉलेजात शिकताना मिळणारं लायसन्स शिक्षणाबरोबर संपतं आणि पोराची चार वर्षांची कामं अडकून पडतात, हे फार वाईट होतं. क्रॅक कॉपी हा त्यावरचा उपाय नव्हे, उगाच व्हायरस घरात.

फ्रीकॅड २००२ पासून चालू आहे, ओपन कॅस्केड नावाच्या भूमिती इंजिनावर चालतं आणि त्याला अशा कसल्याच अटी नाहीत. त्याचं जुनं दुखणं म्हणजे मागचं स्केच बदललं की पृष्ठांचे अंतर्गत नंबर हलायचे आणि पुढचं छिद्र भलत्याच बाजूला जाऊन बसायचं. नोव्हेंबर २०२४ मधल्या १.० आवृत्तीत यावर बराच इलाज झाला. कुठलंही सॉफ्टवेअर वापरा, फाइल स्टेपमध्येही काढून ठेवा. एसटीएल, म्हणजे थ्रीडी प्रिंटरसाठीची फाइल, फक्त त्रिकोणांचं जाळं असतं, त्यात मापाचं एककसुद्धा नसतं, त्यावरून पुढं दुरुस्ती करणं जिकिरीचं.

सातारा-सांगलीकडं

या भागात ड्रॉइंग वाचता येणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. किर्लोस्करवाडी १९१० ची, साताऱ्यातला कूपर कारखाना १९२२ चा, सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ चं, कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० चं. दिवसा एमआयडीसीत सॉलिडवर्क्सवर बसणारा माणूस रात्री घरी तेच हात पोराच्या किल्ल्याला लावतो.

मखराचं काम मुख्यतः सपाट. थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ मध्ये राज्यात बंदी आल्यावर एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला पाटा) आणि पुठ्ठ्याला लेझर कटिंग करून घेणं सोयीचं पडतं, त्याला डीएक्सएफ, म्हणजे सपाट ड्रॉइंगची फाइल, पुरते. खाचेचं माप पाट्याच्या खऱ्या जाडीवरून घ्यायचं, तीन एमएमचा म्हणून घेतलेला पाटा क्वचितच बरोबर तीन भरतो.

किल्ल्यात कॅडचा कस लागतो. साताऱ्याचा अजिंक्यतारा घ्या. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात समोच्च रेषा वीस-वीस मीटरवर असतात, १:२००० प्रमाण धरलं तर एक थर बरोबर एक सेंटिमीटरचा येतो, शहरापासून माथ्यापर्यंत साधारण तीनशे मीटर चढ, म्हणजे पंधराएक थर. एवढा किल्ला चपटा दिसतो म्हणून उंची दीडपट करतात, इतिहासाला धक्का लागत नाही. उपग्रहाच्या ३० मीटरच्या उंची-डेटावरून सरळ मॉडेल काढायचा मोह होतो, पण १:२००० मध्ये ३० मीटर म्हणजे दीड सेंटिमीटर, त्यात बुरूज कुठला दिसायला. शिवाय त्या डेटाचं मॉडेल त्रिकोणांच्या जाळ्याचं होतं आणि व्यावसायिक कॅडला असं लाखभर त्रिकोणांचं जाळं घन करायला लावलं की पीसी बसलाच. म्हणून डोंगर थरांनी करायचा, दरवाजे-बुरूज वेगळे मॉडेल करून प्रिंट करायचे.

मिरजेची तंतुवाद्यं, ज्यांच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथं हौशी कॅडचा उपयोग आणि त्याची हद्द दोन्ही दिसतात. घरच्या जुन्या तानपुऱ्याची खुंटी सरकायला लागली की नवी करायची असते. ड्रॉइंग दोन मिनिटांचं, मधली रेघ, एका बाजूला अर्धं प्रोफाइल, आणि रिव्हॉल्व्ह, म्हणजे ते प्रोफाइल रेघेभोवती फिरवून घन करणं. गोम टेपरात, म्हणजे खुंटीच्या निमुळतेपणात आहे. चार खुंट्यांची चार भोकं वेगवेगळी झिजलेली असतात, म्हणून प्रत्येक भोकाचा आतला-बाहेरचा व्यास व्हर्नियरनं घेऊन मॉडेलमध्ये टाकायचा, दोन आकडे बदलले की पुढची खुंटी तयार, पॅरामेट्रिकचा खरा फायदा इथं कळतो. आधी पीएलए या थ्रीडी प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकमध्ये प्रिंट काढून बसते का बघावं, पण ती तशीच ठेवू नये, तारेच्या सततच्या ताणाखाली पीएलए हळूहळू सरकतं आणि साठ अंशाच्या आसपास मऊ पडतं, मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेलं वाद्य तेवढं तापू शकतं. माप जुळलं की तेच ड्रॉइंग लेथवाल्याला द्यावं, खुंटी लाकडाचीच हवी.

घोडीचं, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचं, मात्र तसं नाही. तिच्या माथ्याचा बाक इतका सूक्ष्म असतो की व्हर्नियर लावून तो कळत नाही, आणि कळला तरी तार, तिच्याखालचं सूत आणि स्वर बदलले की योग्य बाकही बदलतो, कारागीर तो कानानं ऐकत कानशीनं काढतो. तेव्हा कॅडवरून घोडीचा बाहेरचा ठोकळा आणि पायांची मापं तेवढी काढावीत, माथ्यावर थोडं जादा मटेरियल ठेवावं आणि जवारी, म्हणजे तो बाक, मिरजेतल्या कारागिराकडूनच काढून घ्यावी.