मऊ चप्पल आणि ढळणारा तोल
ज्येष्ठ ग्राहक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी माहितीपत्रक

“आईच्या पायाला टोचायला नको, अगदी मऊ चप्पल दाखवा,” अशी मागणी आमच्या नागपुरातील दुकानात जवळजवळ रोज होते. त्या मागणीमागची माया खरी असते; परंतु ज्यांचा तोल जाऊ लागला आहे, त्यांच्यासाठी जाड आणि स्पंजासारखा मऊ तळ बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. त्याचे कारण खरेदीच्या घाईत नीट सांगता येत नाही, म्हणून ते येथे लिहून देत आहोत.

उभे राहताना व चालताना शरीर तीन ठिकाणांहून मिळणाऱ्या माहितीवर तोल सांभाळते : डोळे, कानाच्या आतील भागातले तोलाचे इंद्रिय, आणि तळपाय, घोटे व सांधे यांतून मेंदूकडे जाणारी जाणीव. वयानुसार हे तिन्ही मंदावतात. मोतीबिंदूमुळे पायरीची कड स्पष्ट दिसत नाही, बरीच वर्षे मधुमेह असल्यास तळपाय बधिर होऊ शकतात, मांड्यांतले बळ कमी होते. त्यातच रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांमुळे अंथरुणातून उठताच गरगरले, तर सावरायला अवधीच मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात आणि त्यांत साठीपुढच्या व्यक्ती सर्वाधिक असतात. पडूनही ज्यांचे खुब्याचे हाड शाबूत राहते, तेसुद्धा पुष्कळदा धास्तीने चालणे कमी करतात, त्यामुळे पाय आणखी अशक्त होतात आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो.

मऊ तळाचा प्रश्न येथेच येतो. पाऊल जाड फोममध्ये रुतले की ते एका बाजूला किंचित कलते, आणि जमीन कोठे आहे व कशी आहे ही खबर तळपायाला अंधुक मिळते. आधीच मंदावलेली जाणीव त्यामुळे आणखी बोथट होते. पातळ व घट्ट तळातून तीच खबर स्पष्ट पोचते. ज्यांचे पाय बधिर आहेत किंवा ज्यांना तळपायाला जखमा होतात, त्यांना मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने आत मऊ अस्तर लागते, पण त्याखालचा तळ घट्टच हवा.

याहून मोठा दोष आम्हाला मागून उघड्या सपातांमध्ये दिसतो. सपाता निसटू नये म्हणून माणूस नकळत बोटांनी ती धरून ठेवतो, पाऊल आखूड पडते आणि पाय घासत चालण्याची सवय लागते. चालताना पुढे जाणारे पाऊल जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर उचललेले असते. ते आणखी खाली आले की उंबरठा, पायपुसणे किंवा सतरंजीची दुमडलेली कड एवढेसुद्धा अडखळायला पुरते. म्हणून टाचेमागे आधार आणि वरून वेल्क्रोचा पट्टा असलेला जोड घ्यावा. वाकता न येणाऱ्यांनाही वेल्क्रो सहसा जमतो. टाच रुंद आणि अडीच सेंटिमीटरहून कमी उंचीची असावी.

आपल्याकडे घरात अनवाणी वावरण्याची रीत आहे आणि तिचा आम्हाला आदर आहे. तरीही गुळगुळीत टाइल्सवर, विशेषतः उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरताना सांडलेल्या पाण्यावर आणि थंडीत नुसत्या मोज्यांवर, पाय सहज घसरतो. घराबाहेर कधीही न जाणारा एक स्वच्छ जोड फक्त घरासाठी ठेवला, तर रीतही राहते आणि पायही सांभाळले जातात. रात्री उठल्यावर तो चाचपडत शोधावा लागू नये, म्हणून पलंगाशेजारी हाताशी ठेवावा.

जोड दुकानातच तपासून घ्यावा. टाचेमागचा भाग बोटांनी दाबल्यास दबता कामा नये; दोन्ही टोके धरून वाकवल्यास जोड बोटांच्या मुळाशी वाकावा, मध्यातून नव्हे; आणि तळाला रेघा असाव्यात. पाऊल टेकताना टाच आधी टेकते आणि घसरणेही बहुधा तेथेच सुरू होते, म्हणून टाचेची मागची कड किंचित तिरकी असलेली चांगली. जुन्या जोडाच्या रेघा झिजून तळ गुळगुळीत झाला असेल, तर तो कितीही सवयीचा असला तरी बदलावा. महाग जोड सुरक्षित असतोच असे नाही, हेही आम्ही विक्रेते म्हणून स्पष्ट सांगतो.

वयानुसार पाऊल पसरट होते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे माप आज लागू पडेलच असे नाही. सायंकाळपर्यंत पायांना थोडी सूज येते, म्हणून माप त्याच वेळी, उभे राहून आणि दोन्ही पायांचे द्यावे. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा उरावी. मात्र वर्षभरात दोनदा तोल जाऊन पडणे झाले असेल, तर जोड बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवावे, कारण डोळ्यांचा, औषधांचा किंवा रक्तदाबाचा दोष कोणत्याही चपलेने झाकला जात नाही.

दुकानात येताना सध्या वापरात असलेला जोड सोबत आणावा. त्याचा तळ कोणत्या बाजूने झिजला आहे यावरून चालण्याविषयी बरेच कळते. ज्येष्ठांना येणे शक्य नसेल, तर त्यांना कागदावर उभे करून, एका व्यक्तीने आधार देऊन, दोन्ही पावलांभोवती पेन्सिल सरळ धरून रेघ काढावी आणि ते कागद आमच्याकडे आणावेत.