अंग बाहेर येणे : शस्त्रक्रियेची निवड

अंग बाहेर येणे म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि बंध सैल पडून गर्भाशय, मूत्राशय, गुदाशय किंवा आतडे योनीच्या वाटेने खाली सरकणे. वैद्यकीय मराठीत याला गर्भाशयभ्रंश किंवा योनिभ्रंश म्हणतात. बायका ‘अंग खाली आलंय’, ‘मायांग बाहेर पडतं’, ‘पिशवी उतरली’ असे सांगतात. यातल्या शेवटच्या शब्दप्रयोगानेच अर्धा घोटाळा होतो. पिशवी उतरते ती तिला धरून ठेवणारे दोर ढिले झाल्यामुळे. पिशवीत बहुधा काहीच बिघाड नसतो. तरीही शस्त्रक्रियेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘काढायची की ठेवायची’ हाच येतो. त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न दुसराच आहे : योनीचा वरचा घुमट यापुढे कशाच्या आधाराने टांगायचा?

हा आधार तीन पातळ्यांवर असतो. अमेरिकी शल्यविशारद जॉन डिलॅन्सी यांनी १९९२ मध्ये केलेली ही मांडणी आज सर्वत्र वापरली जाते. सर्वांत वर गर्भाशयाच्या मुखापासून मागे त्रिकास्थीकडे (कण्याच्या खालच्या टोकाकडचे, माकडहाडाच्या वरचे त्रिकोणी हाड) आणि दोन्ही बाजूंना जाणारे बंध असतात. मधल्या भागात योनीच्या भिंती बाजूच्या आवरणांना जोडलेल्या असतात. खाली योनी आणि गुदद्वार यांच्यामधला स्नायूंचा गठ्ठा असतो. वरचे बंध सुटले तर गर्भाशय खाली येते. मधला आधार गेला तर पुढून मूत्राशय किंवा मागून गुदाशय फुगवट्यासारखे उतरते. बहुतेक स्त्रियांमध्ये हे दोष मिसळलेले असतात, आणि वरचा दोष तसाच सोडून नुसती पुढची भिंत शिवली तर ती पुन्हा उतरण्याची शक्यता वाढते. बाळंतपणात ताणलेले स्नायू, पाळी गेल्यावर घटणारे इस्ट्रोजेन, जुना खोकला, बद्धकोष्ठता, डोक्यावरची आणि कमरेवरची ओझी ही नेहमीची कारणे. काही तरुण, अगदी मूल न झालेल्या स्त्रियांमध्येही जन्मजात कमकुवत बंधांमुळे हा त्रास दिसतो.

किती खाली आले आहे हे १९९६ पासून प्रचलित असलेल्या मोजणीने ठरवतात. योनिपटलाची कडा शून्य धरून प्रत्येक भाग तिच्या किती सेंटिमीटर आत किंवा बाहेर आहे ते मोजतात आणि शून्य ते चार अशी पायरी देतात. मात्र पायरी आणि त्रास यांचा मेळ बसेलच असे नाही. दुसऱ्या पायरीवरच्या अनेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही. काहींना मात्र संध्याकाळपर्यंत कंबर भरून येते, उकिडवे बसले की गोळा हाताला लागतो, बोटाने आत सारल्याशिवाय लघवी मोकळी होत नाही. जिला त्रास नाही तिला शस्त्रक्रियेची गरज नाही. अपवाद म्हणजे पूर्ण बाहेर आलेले अंग, ज्यामुळे लघवी तुंबून मूत्रपिंडांवर दाब येतो.

आपल्याकडे गोष्ट इतकी पुढे जाते ती बहुधा न बोलल्यामुळे. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या स्त्रियांच्या तपासणीवर १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. ९२ टक्के स्त्रियांमध्ये एक ना एक स्त्रीरोग आढळला. त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. अंग बाहेर येणे हा त्यातला केवळ एक भाग, पण झाकून ठेवण्याची रीत तीच. घर्षणाने जखम झालेले अंग घेऊन बाई दवाखान्यात येते तेव्हा लगेच शस्त्रक्रिया करता येत नाही. अंग आत सारून ग्लिसरीन-अ‍ॅक्रिफ्लेविन या जंतुनाशक मिश्रणात भिजवलेली पट्टी रोज भरतात, इस्ट्रोजेनचे मलम लावतात आणि जखम भरली की तारीख देतात.

शस्त्रक्रियेआधी दोन वाटा पाहायच्या असतात. ओटीपोटाच्या स्नायूंचा व्यायाम जाणकाराकडून शिकून काही महिने नेमाने केला तर सुरुवातीच्या पायऱ्यांवर त्रास कमी होतो. पूर्ण बाहेर आलेले अंग त्याने आत जात नाही. दुसरी वाट सिलिकॉनच्या रिंगची, म्हणजे पेसरीची. ती योनीत बसवून अंग वर तोलून धरतात. अधूनमधून काढून धुवावी लागते, आणि वर्षानुवर्षे तशीच विसरली तर आत रुतून जखम करते. नेदरलँड्समधील २०२२ च्या एका चाचणीत दोन वर्षांनी पेसरीने सुरुवात केलेल्या गटात ७६ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात ८१.५ टक्के स्त्रियांनी सुधारणा सांगितली. मात्र पेसरीच्या गटातील निम्म्याहून जास्त स्त्रियांनी मध्येच शस्त्रक्रिया करून घेतली. रिंग ही म्हातारीची तडजोड आहे असा समज दिसतो, तो चुकीचा आहे. पुढे मूल हवे असलेल्या किंवा भूल न झेपणाऱ्या स्त्रीसाठी ती चांगला उपचार ठरते.

भारतात सर्वाधिक रूढ शस्त्रक्रिया म्हणजे योनिमार्गे गर्भाशय काढून सैल झालेल्या भिंती शिवणे. पोटावर छेद नाही, कमरेतून भूल देऊन होते, खर्च आटोक्यात राहतो. पण पिशवी काढल्याने आधार परत येत नाही. गर्भाशय गेल्यावर मागे राहिलेला घुमट त्याच सैल बंधांवर लोंबतो, आणि तो वर बांधला नाही तर काही वर्षांनी घुमटच बाहेर येतो. असा रुग्ण शल्यविशारदाला जास्त अवघड जातो. म्हणून १९५७ मध्ये मॅककॉल यांनी सांगितलेला टाका घालून घुमट त्रिकास्थीकडच्या बंधांना जोडतात. भ्रंश मोठा असेल तर तो त्याच बंधांवर आणखी उंच टांगतात किंवा बैठकीच्या हाडाच्या काट्यापासून त्रिकास्थीकडे जाणाऱ्या घट्ट बंधाला अडकवतात. उंच टांगताना मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणारी मूत्रवाहिनी मुरडण्याचा धोका असतो, म्हणून शेवटी मूत्राशयात दुर्बीण घालून दोन्ही बाजूंनी लघवी येते का ते बघतात. काट्याजवळच्या टाक्यानंतर कुल्ल्यात काही आठवडे दुखू शकते आणि पुढची भिंत पुन्हा उतरण्याकडे कल राहतो. या दोन पद्धतींची अमेरिकेत तुलना झाली. पाच वर्षांनी कडक निकष लावले तर उंच टांगण्याच्या पद्धतीत सुमारे ६२ टक्के आणि काट्याजवळच्या टाक्याच्या पद्धतीत ७० टक्के स्त्रियांमध्ये शस्त्रक्रिया ‘अपयशी’ ठरली, तरी पुन्हा उपचार घ्यावे लागलेल्या स्त्रिया दहांत एकीच्या आसपासच होत्या. ‘कायमचा इलाज’ असे सांगणाऱ्याला हे आकडे जरूर विचारावेत.

पिशवी काढण्याचा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका वाढला की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिथला प्रश्न निव्वळ भ्रंशाचा नव्हता, पण ‘मुलं झाली, आता पिशवीचा काय उपयोग’ हा युक्तिवाद दोन्हीकडे ऐकू येतो.

गर्भाशय राखणाऱ्या जुन्या शस्त्रक्रियांपैकी एक म्हणजे इंग्लंडमधली मँचेस्टर शस्त्रक्रिया. आर्किबाल्ड डोनाल्ड यांनी ती १८८८ मध्ये सुरू केली, पुढे फॉदरगिल यांनी सुधारली. लांबलेल्या गर्भाशयमुखाचा भाग कापून बाजूचे बंध पुढे ओढून शिवायचे, ही तिची कल्पना. पाठ्यपुस्तकांत ती इतिहासजमा व्हायच्या बेतात होती. २०२३ मध्ये डच चाचणीचे निकाल आले : दोन वर्षांनी मँचेस्टरचे यश ८७ टक्के, तर गर्भाशय काट्याजवळच्या बंधाला टांगण्याचे ७७ टक्के. तिची अडचण तरुण स्त्रियांत येते. मुख कापल्यावर गर्भ राहणे, टिकणे आणि बाळंतपण या तिन्हींत अडथळे येऊ शकतात.

नेमक्या याच अडचणीतून मुंबईने स्वतःची परंपरा उभी केली. गोव्यातील शिरोडे गावी जन्मलेले आणि मुंबईत काम केलेले विठ्ठल नागेश शिरोडकर जगाला माहीत आहेत ते गर्भ टिकवण्यासाठी गर्भाशयमुखाला घातल्या जाणाऱ्या टाक्यामुळे. पण भ्रंशावरही त्यांनी मूलगामी काम केले. मुख न कापता मागचे बंध पुढे आणून शिवायचे, हा मँचेस्टरला त्यांनी दिलेला पर्याय. त्यांची दुसरी पद्धत पोटातून करायची : मांडीवरच्या स्नायूंच्या जाड पांढऱ्या आवरणाची पट्टी, किंवा पुढच्या काळात मर्सिलीन या कृत्रिम धाग्याची फीत, गर्भाशयाच्या मागून त्रिकास्थीच्या वरच्या कड्याला बांधायची. डाव्या बाजूला मोठे आतडे आडवे येते, म्हणून तिथे कण्याच्या बाजूने मांडीकडे जाणाऱ्या सोअस स्नायूला पट्टीचा फास करून तिच्यातून फीत वळवून नेतात. शरीररचनेला धरून असलेली ही पद्धत उत्तम, पण करायला कठीण. पुरंदरे पद्धतीत पोटाच्या सरळ स्नायूंवरच्या आवरणाच्या पट्ट्या गर्भाशयाच्या पुढच्या बाजूला शिवतात. खोकला आला की पोट आवळते आणि त्याच झटक्यात गर्भाशयही वर खेचले जाते, ही तिची खुबी. मात्र गर्भाशय पुढे ओढल्याने मागची पोकळी उघडी पडते आणि तिथून आतडे उतरू शकते. खन्ना पद्धतीत फीत कमरेच्या हाडांच्या पुढच्या टोकांना बांधतात. ती सोपी, पण त्वचेखाली फितीला जंतुसंसर्ग होऊ शकतो. विरकूड पद्धत फीत उजवीकडे मागे त्रिकास्थीला आणि डावीकडे पुढे पोटाच्या आवरणाला बांधून मागच्या आणि पुढच्या आधाराची सांगड घालते. पाश्चात्त्य पुस्तकांत ही नावे क्वचितच भेटतात. इथे पदव्युत्तर परीक्षेत त्यांच्याशिवाय सुटका नसते.

फितीवरून आधारासाठी शरीरात बसवायच्या कृत्रिम जाळीचा मुद्दा येतो, आणि इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. पोटातून, आता बहुधा दुर्बिणीने, घुमट जाळीने त्रिकास्थीला टांगणे ही गर्भाशय आधीच काढलेल्या स्त्रीच्या भ्रंशासाठी सर्वांत टिकाऊ पद्धत मानली जाते. तिलाही किंमत आहे : त्रिकास्थीसमोरच्या शिरांतून रक्तस्रावाचा धोका असतो, आणि एका दीर्घ पाहणीत सात वर्षांत जाळी योनीत उघडी पडण्याची शक्यता सुमारे १० टक्के निघाली. योनीतून भिंतींमध्ये घातलेल्या जाळीचा इतिहास मात्र वाईट आहे. वेदना, संबंधांच्या वेळी त्रास, पुन्हा पुन्हा कराव्या लागलेल्या शस्त्रक्रिया अशा तक्रारी साचत गेल्या. ऑस्ट्रेलियाने २०१७ च्या अखेरीस ती मागे घेतली, इंग्लंडने २०१८ मध्ये थांबवली आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये भ्रंशासाठीची तिची विक्री बंद करवली. डॉक्टर ‘जाळी बसवू’ म्हणाले तर कोणत्या वाटेने, हे विचारणे म्हणूनच गरजेचे.

वय झालेल्या, इतर आजार असलेल्या आणि शरीरसंबंध नको असलेल्या स्त्रीसाठी पॅरिसच्या ले फोर यांनी १८७७ मध्ये सांगितलेली योनी मिटवण्याची शस्त्रक्रिया आजही चालते. पुढची व मागची भिंत एकमेकींना शिवतात आणि स्राव वाहायला दोन्ही बाजूंना बोळ ठेवतात. कमी वेळात होते, भ्रंश क्वचितच परततो. नंतर गर्भाशयाच्या आत पोहोचणे कठीण होत असल्याने आधी सोनोग्राफी आणि मुखाची तपासणी उरकतात. संबंध कायमचे बंद होणार, हे त्या बाईशी एकटीशी बोलून घ्यावे लागते. मुलगा आणि सून खोलीत असताना तिचे खरे उत्तर मिळत नाही.

लघवीचा एक पेच सर्वच पद्धतींत असतो. बाहेर आलेल्या अंगामुळे मूत्रमार्ग दुमडलेला असतो. अंग वर गेले की तो सरळ होतो आणि कधी नव्हे ती खोकताना लघवी सुटू लागते. म्हणून आधी अंग आत सारून खोकायला लावून पाहतात. शस्त्रक्रियेनंतर एकदोन दिवस लघवीची नळी, मऊ शौचासाठी औषध, आणि साधारण सहा आठवडे जड उचलणे व संबंध टाळणे हा नेहमीचा नियम. दाखल्यावर ‘सहा आठवडे विश्रांती’ लिहिलेले असते आणि घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी हंडा उचलावा लागतो. तारीख ठरवतानाच घरात पाणी कोण भरणार हे विचारणारे डॉक्टर आहेत, आणि त्यांच्याकडे शस्त्रक्रिया सुगीनंतरच्या ठरतात.