शुगरचे औषध आणि भूक : पार्श्वभूमी

इंदूरमध्ये रामबाग, राजेंद्रनगर या भागांत सेमाग्लुटाइडसारख्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या शुगरच्या इंजेक्शनची चौकशी आता मधुमेह नसलेले लोकही करतात. शुगरच्या औषधाने भूक कमी होते ही गोष्ट अनेकांना नवी वाटते, पण संशोधनात ती जवळपास तीस वर्षे जुनी आहे.

आतड्यात तयार होणारे जीएलपी-1 हे संप्रेरक 1980च्या दशकात ओळखले गेले. 1996मध्ये ते उंदरांच्या मेंदूत सोडल्यावर त्यांचे खाणे घटले. रक्तात मात्र ते दोनेक मिनिटांत निकामी होते. गिला मॉन्स्टर या सरड्याच्या विषातल्या, त्याच्यासारख्याच रेणूवरून एक्सेनाटाइड हे टिकाऊ औषध बनले. त्याला 2005मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती मधुमेहासाठी.

मेंदूमार्गे भूक आवरणाऱ्या औषधांबद्दल तेव्हा मोठी आशा होती, ती रिमोनाबँटवर. युरोपने 2006मध्ये त्याला परवानगी दिली. जून 2007मध्ये अमेरिकी सल्लागार समितीने नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांचा धोका पाहून एकमताने नकार दिला. युरोपने आधी नैराश्याच्या रुग्णांना ते देऊ नये असे बजावले आणि ऑक्टोबर 2008मध्ये विक्रीच थांबवायला सांगितले. भारतात बंदी आली डिसेंबर 2009मध्ये, म्हणजे वर्षाहून अधिक काळाने. धोका जगजाहीर असताना झालेला हा उशीर कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही. भूक कमी करणाऱ्या सिबुट्रामिन या दुसऱ्या औषधाचेही तसेच झाले: हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे 2010मध्ये ते युरोप-अमेरिकेतून गेले, आपल्याकडे फेब्रुवारी 2011मध्ये. वजनाच्या औषधांकडे आजही संशयाने पाहणाऱ्या डॉक्टरांनी हा काळ पाहिलेला आहे.

त्यानंतर जीएलपी-1सारखे काम करणारी मधुमेहाचीच औषधे पुढे सरकली. लिराग्लुटाइडचा 3 मिलिग्रॅमचा डोस 2014मध्ये अमेरिकेत लठ्ठपणासाठी मंजूर झाला, सेमाग्लुटाइड 2021मध्ये. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी वजन सुमारे 15 टक्के घटले. औषध नसलेली, नुसती दिखाऊ सुई घेणाऱ्यांचे 2.4 टक्के. वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात जून 2025मध्ये आले, त्याआधी मार्चमध्ये तसेच आठवड्याचे इंजेक्शन टिरझेपटाइड. आत्महत्येच्या विचारांची शंका या औषधांबाबतही निघाली. 2024मध्ये युरोपीय नियामकांना तसा कार्यकारण संबंध आढळला नाही.

या औषधांनी मेंदूचा चयापचय सुधारतो असे मात्र घाईने बोलले जाते. प्राण्यांवरील अभ्यासांत सेमाग्लुटाइड मेंदूभर पसरत नाही. रक्त आणि मेंदूमधला अडसर जिथे विरळ आहे, अशा मेंदूच्या तळाकडील ठरावीक जागी ते पोचते. एक्सेनाटाइडचा एकच डोस देऊन मोजक्या पुरुषांच्या मेंदूचे पेट (PET) स्कॅन, म्हणजे ग्लुकोजचा वापर दाखवणारी तपासणी, केले गेले. ग्लुकोज प्यायल्यानंतर भूक आणि खाण्यातला आनंद यांच्याशी संबंधित भागांत ग्लुकोजचा वापर वाढला, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात घटला. एवढ्यावरून 'मेंदू सुधारतो' असे रुग्णाला सांगणे चूक आहे. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात, घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले होते. इंजेक्शन सुरू करण्याआधी रुग्णाला हे कळायलाच हवे.